उजेड बघायला गेलो: कोलोन, माइन्ट्स, झ्युरिक

मावशी शाळेत तीस वर्षं ड्रॉइंग शिकवायची, रिटायर झाली तरी तिची एक सवय गेली नाही, कुठलंही चित्र दिसलं की आधी विचारते, "उजेड कुठून येतोय?" तर तिला एकदा तरी असं चित्र दाखवायचं होतं ज्यात उजेड रंगवलेला नाही, तो खराच आत येतोय. म्हणजे रंगीत काचेची खिडकी. आणि जुन्यापुराण्या संतांच्या खिडक्या नाही, आपल्याच काळातल्या चित्रकारांनी शेकडो वर्षं जुन्या चर्चमध्ये केलेल्या. गेरहार्ड रिश्टर, मार्क शगाल, सिग्मार पोल्के. तीन शहरं, दोन जर्मनीतली आणि एक स्वित्झर्लंडमधलं, तिन्ही एकाच रेल्वेप्रवासात बसणारी, ऑक्टोबरचा शेवट, पाच दिवस.

दिवस पहिला, कोलोन

कोलोनला स्टेशनच्या बाहेर पडलं की समोर कॅथेड्रलच, मधे काही नाहीच, मान वर करायची आणि करतच राहायची. १५७ मीटर उंच दोन मनोरे, दगड काळपट पडलेला. काम सुरू झालं १२४८ मध्ये, मधे तीनेकशे वर्षं जवळजवळ ठप्प आणि पूर्ण झालं १८८० ला. मावशी म्हणाली, "सहाशे वर्षं म्हणजे पाया घालणाऱ्याच्या किती पिढ्यांनी नुसतं अर्धवटच बघितलं असेल गं."

आत गेलो तेव्हा दुपारचे चार वाजत आलेले आणि आकाश पूर्ण भरलेलं, पाऊस पडत नव्हता पण कुठल्याही क्षणी पडेल असं. रिश्टरची खिडकी दक्षिणेकडच्या बाजूला आहे, साधारण शंभर चौरस मीटरच्या वर मोठी. मी फोटो इतके बघितले होते की समोर उभी राहिले आणि खरं सांगायचं तर मन खट्टू झालं. रंगीत चौकोन. खूप सारे रंगीत चौकोन, पण मळकट, एखाद्या विणलेल्या चादरीसारखे. चमक काहीच नाही. मावशी काही बोलली नाही, ती पंधरा मिनिटं नुसती बघत होती आणि मला वाटत होतं की एवढ्या लांब तिला आणलं आणि आता काय.

खिडकीची गोष्ट मात्र मी तिला तिथेच सांगितली. इथे आधी एकोणिसाव्या शतकातली खिडकी होती, ती दुसऱ्या महायुद्धात गेली, नंतर साधी फिक्या काचेची बसवलेली. रिश्टरने २००७ मध्ये हे केलं, वय ७५, स्वतः कोलोनमध्येच राहणारा. ११,२६३ चौकोन, प्रत्येक साधारण साडेनऊ सेंटीमीटरचा, आणि ७२ रंग. रंग मनाने घेतलेले नाहीत, कॅथेड्रलमधल्या जुन्या खिडक्यांशी जुळणारेच निवडलेत. पण कुठला चौकोन कुठे बसणार ते कॉम्प्युटरने नशिबावर ठरवलं, आणि काही उभे पट्टे एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब आहेत. त्याचं मूळ १९७४ मधल्या त्याच्याच एका चित्रात, ४०९६ रंगांचे चौकोन असलेल्या. मानधन त्याने घेतलं नाही, खर्च देणग्यांतून झाला.

आणि वादही झाला. कोलोनचे तेव्हाचे मुख्य धर्मगुरू, कार्डिनल योआखिम माइस्नर यांना ही खिडकी पटली नाही, ही एखाद्या मशिदीत शोभेल असं ते म्हणाले होते. त्यांचा मुद्दा कळतो, संत नाही, कथा नाही, चेहरा नाही, मग प्रार्थनेला आलेल्या माणसाने कशाकडे बघायचं? मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, "उत्तर आत्ता देत नाही. खिडकी अजून झोपलीये."

मग संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ झाली, लाल झगा घातलेले कॅथेड्रलचे माणूस फिरून फिरून सगळ्यांना नम्रपणे बाहेर जायला सांगत होते, आम्हीही निघालो.

दिवस दुसरा, कोलोन

सकाळी उठून पडदा सरकवला तर निळं आकाश. मावशी माझ्या आधीच तयार. पण घाई केली नाही, तिने हिशेब मांडला की खिडकी दक्षिणेला, ऑक्टोबरात सूर्य खालून जातो, म्हणजे दुपारी एकच्या आसपास ऊन सगळ्यात आत शिरेल. तोवर ऱ्हाईनच्या काठाने फिरलो, रेल्वेच्या पुलाला लोकांनी लावलेली हजारो कुलुपं बघितली, आणि बारा वाजता आत.

आता हे कसं लिहू. खिडकी तीच आणि खिडकी ती नव्हतीच. आदल्या दिवशीचे मळकट चौकोन पेटलेले होते, म्हणजे प्रत्येक चौकोन वेगळा सुटून दिसत होता आणि तरी सगळे मिळून हलत होते, जसं वाऱ्यात झाडाच्या पानांतून ऊन हलतं तसं. याचं एक कारण काच आहे. ही फुंकून केलेली काच आहे, कारखान्यातून सरळ सपाट निघालेली नाही, तिच्यात बारीक बुडबुडे, कमीजास्त जाडी, त्यामुळे एकाच रंगाचे दोन चौकोन कधी एकसारखे दिसत नाहीत. दुसरं कारण मावशीने पकडलं, ते म्हणजे जुन्या खिडक्यांमध्ये प्रत्येक तुकड्याभोवती जाड काळी शिशाची पट्टी असते, इथे ती नाही, चौकोन मागच्या साध्या काचेवर चिकटवलेत. म्हणून रंग रंगाला थेट भिडतो.

पण खरी गोष्ट खिडकीत नव्हतीच, ती समोरच्या खांबावर होती. एकच्या सुमारास तिथे राखाडी दगडावर एक डाग उतरला, आधी फिकट गुलाबी, मग त्यात पिवळा मिसळला, मग हिरवा, आणि कडा पूर्ण विरघळलेल्या, चौकोन नाहीतच, नुसता रंग. तो डाग खांबाच्या गोलाईवर वळत वळत सरकत होता. मी मोबाईल काढून दर पाच मिनिटांनी वेळ बघत होते, वीस मिनिटांत तो खांबावरून उतरून शेजारच्या खांबाकडे निघालेला. मावशीने पुढे जाऊन हात त्यात धरला. तिच्या हातावर वयाचे डाग आहेत, शिरा वर आलेल्यात, त्या सगळ्यावर जांभळा आणि नारिंगी, आणि तिने बोटं हळूहळू पसरली तसा प्रत्येक बोटाला वेगळा रंग आला. एक छोटा मुलगा धावत आला आणि त्याने आपला पाय तिच्या हाताखालच्या रंगात ठेवला, आईने ओढेपर्यंत तसाच उभा.

तेव्हा ती म्हणाली, "कालच्या प्रश्नाचं उत्तर. कशाकडे बघायचं असं विचारलंस ना? खिडकीकडे नाही, खाली बघायचं. जिथे पडलंय तिथे."

मला वाटतं ती बरोबर होती. कथा असलेल्या खिडकीत आपण कथा वाचायला लागतो, हा कोण, त्याच्या हातात काय, आणि उजेड विसरतो. इथे वाचण्यासारखं काही नाही म्हणून उजेड सुटत नाही. अर्थात हे माझं मत, आणि ढगाळ दिवशी आलेल्या माणसाचं ते असेल असं नाही.

दुपारी कोलुम्बा. हे कॅथेड्रलच्याच धर्मप्रांताचं म्युझियम, स्विस आर्किटेक्ट पीटर झुमथोरने बांधलेलं, तेही २००७ चंच. युद्धात पडलेल्या सेंट कोलुम्बा चर्चच्या अवशेषांवर त्याने नवी इमारत चढवली, जुन्या, मध्ययुगातल्या गॉथिक शैलीच्या भिंतीचे तुकडे तसेच ठेवून त्यांच्यावर लांब बारीक राखाडी विटा. तळमजल्यावर उत्खनन आहे, त्यावरून लाकडी पायवाट वळणं घेत जाते आणि वरच्या बाजूला विटांमध्ये मुद्दाम फटी सोडल्यात, त्यातून ऊन ठिपक्याठिपक्यांनी पडतं. रंग एकही नाही. सकाळच्या रंगांनंतर डोळ्यांना थंड वाटलं. मंगळवारी बंद असतं हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, आणि दुपारी बाराच्या आत उघडत नाही.

दिवस तिसरा, माइन्ट्स

कोलोनहून माइन्ट्सची गाडी कोब्लेन्ट्सनंतर ऱ्हाईनच्या अगदी काठाने जाते, डाव्या हाताच्या खिडकीत बसा. नदी वळते, वळणावर किल्ला, उतारावर द्राक्षांच्या पिवळ्या पडलेल्या ओळी, नदीच्या मधोमध बेटावर एक पांढरा किल्ला. पावणेदोन तास कसे गेले कळलं नाही. आकाश परत भरलेलं होतं आणि या वेळी मला काळजी वाटली नाही.

सेंट स्टीफन चर्च टेकडीवर आहे, चढ चांगलाच आहे, ट्रॅमसुद्धा तो चढ चढते. बाहेरून चर्च साधं, लालसर दगड आणि पांढऱ्या भिंती. स्थापना ९९० ची, आत्ताची गॉथिक इमारत नंतरची, आणि तीही महायुद्धात जळून पडझड झालेली, मग पुन्हा उभी केलेली. दार उघडून आत पाय टाकला आणि मावशीने माझा दंड पकडला.

निळं. म्हणजे खिडक्या निळ्या असं नाही, आतली हवा निळी. भिंती पांढऱ्या आहेत त्यामुळे त्या निळ्या, खांब निळे, समोरच्या बाकावर बसलेल्या बाईचे पांढरे केस निळे. ढगाळ दिवशी कोलोनमध्ये खिडकी झोपली होती, इथे ढगाळ दिवशीच ती जागी होती. उन्हाचा पत्ता नाही, जमिनीवर डागही नाही, सगळीकडे सारखा पसरलेला उजेड, पाण्याखाली बसल्यासारखं.

इथल्या फादर क्लाउस मायर यांनी १९७३ मध्ये शगालला पत्र लिहिलं. शगाल बेलारूसमधल्या विटेब्स्क भागात जन्मलेला ज्यू, नाझींपासून जीव वाचवून अमेरिकेला गेलेला, आणि त्याला एका जर्मन चर्चचं काम मागायचं, हे धाडसच. त्याने लगेच हो म्हटलं नाही, काही वर्षं गेली, पण शेवटी होकार आला. पहिली खिडकी १९७८ मध्ये बसली तेव्हा शगाल ९१ वर्षांचा होता. त्यानंतर तो करतच राहिला, एकूण नऊ खिडक्या, १९८५ मध्ये ९७ व्या वर्षी तो गेला त्याच्या थोडं आधीपर्यंत. जर्मनीत त्याच्या खिडक्या असलेलं चर्च हे एकच.

काम कसं व्हायचं ते मावशीला जास्त महत्त्वाचं. शगाल आधी कागदावर रंगीत आराखडा करायचा, मग फ्रान्समध्ये रँसच्या वर्कशॉपमध्ये शार्ल मार्क तो काचेत आणायचा. काही काचा दुहेरी थराच्या असतात, फिक्या काचेवर गडद रंगाचा पातळ थर, तो थर आम्लाने खाऊन काढला की एकाच तुकड्यात शिशाची पट्टी न घालता गडद निळ्यापासून जवळजवळ पांढऱ्यापर्यंत जाता येतं. आणि मग शगाल स्वतः ब्रशने काचेवर काळपट रंग लावायचा, रेषा, चेहरे, सावल्या, मग ती काच भट्टीत भाजायची. मधल्या खिडकीत जवळ जाऊन बघितलं तर ते दिसतंही, बायबलमधल्या अब्राहामच्या घरी आलेल्या तीन पाहुण्यांच्या भोवती ब्रशचे पुसट फटकारे आहेत, कुठे बोटाने पुसल्यासारखं. मावशी त्या फटकाऱ्यांकडे बघत पुटपुटली, "नव्वदीतला हात आहे बघ. पण थरथरला असेल असं वाटत नाही." वर याकोबचं स्वप्न आहे, मोशे आहे, पण खरं सांगते, आम्ही अर्धा तास कोण कोण आहे ते शोधलंच नाही.

शगाल गेल्यावर बाकीच्या खिडक्या मार्कने केल्या. त्या मुद्दाम शांत ठेवल्यात, आकृत्या नाहीत, नुसते निळ्याचे हलके प्रकार. मला ही गोष्ट फार आवडली, की इतकी वर्षं ज्याच्यासाठी काच कापली त्याच्या शेजारी आपलं काम बसवायचं आणि आवाज चढवायचा नाही.

मग आम्ही ठरवलं की बंद होईपर्यंत बसायचं. आणि तिथे एक गोष्ट बघितली जी मी फक्त वाचली होती. बाहेर अंधारायला लागलं तसे आधी लाल तुकडे गेले. एका आकृतीच्या अंगावर लाल होता तो तपकिरी झाला, मग काळा. पिवळा फिका पडत गेला. पण निळा राहिला, उलट आजूबाजूचं सगळं विझत होतं तसा तो जास्तच उजळ वाटायला लागला. हे डोळ्याचं काम आहे, उजेड कमी झाला की आपल्या डोळ्यातल्या वेगळ्या पेशी पुढे येतात, त्यांना निळं-हिरवं जास्त दिसतं आणि लाल जवळजवळ दिसतच नाही. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नोंदवलं. मावशीला हे नाव माहीत नव्हतं पण ती म्हणाली, "संध्याकाळी जास्वंद काळी दिसते आणि गोकर्ण दिसत राहते, तेच ना?" तेच. शेवटची दहा मिनिटं चर्चमध्ये आम्ही दोघी आणि दार बंद करायला आलेले एक आजोबा, ते किल्ल्या हातात घेऊन उभे होते आणि वाजवत नव्हते.

दिवस चौथा, झ्युरिककडे

प्रवासाचाच दिवस. मधे गाडी बदलायची होती, पहिली उशिरा आली, पुढची सुटली, दीड तास प्लॅटफॉर्मवर गेला. झ्युरिकला पोचलो तेव्हा अंधार. तरी पाय मोकळे करायला लिमात नदीवर गेलो, एका काठाला फ्राउम्युन्स्टर चर्च, दुसऱ्या काठाला ग्रोसम्युन्स्टर चर्च, मधे पूल. रात्री बाहेरून त्या खिडक्या पूर्ण काळ्या, नुसत्या शिशाच्या रेघा आणि धूळ बसल्यासारखी काच. आत काय आहे याचा बाहेरच्या माणसाला काही पत्ता लागणार नाही.

दिवस पाचवा, झ्युरिक

फ्राउम्युन्स्टर ८५३ मध्ये जर्मन राजा लुडविगने आपल्या मुलीसाठी स्थापन केलेला मठ होता. आत जायला तिकीट आहे, आम्ही गेलो तेव्हा ५ फ्रँक होतं. शगालच्या पाच खिडक्या इथे १९७० मध्ये बसल्या, म्हणजे माइन्ट्सच्या आधीच्या, आणि सगळ्या गाभाऱ्याच्या अरुंद जागेत, उंच आणि बारीक, दहा मीटरच्या आसपास. प्रत्येकीला आपला रंग: संदेष्ट्यांची लाल-नारिंगी, याकोबची निळी, येशूची हिरवी, सायनची म्हणजे पवित्र जेरुसलेमची पिवळी, मोशेच्या कायद्याची परत निळी. सकाळी लवकर गेलो कारण समोरच्या तीन खिडक्या पूर्वेकडे, आणि ते योग्य झालं, दहाच्या उन्हात पिवळी खिडकी मधासारखी होती.

पण मला माइन्ट्स जास्त भावलं. इथे पाच चित्रं एकमेकांशेजारी उभी आहेत आणि माणूस एकीवरून दुसरीवर नजर फिरवत राहतो, गर्दीही खूप, बहुतेक लोक गाभाऱ्यात येतात, वर बघतात, निघतात. मावशीचं मत उलटं, ती लाल खिडकीसमोरून हलेचना. ती खिडकी उत्तरेच्या भिंतीत आहे, तिच्यावर थेट ऊन येत नाही, आणि तरी ती पेटलेली. "उत्तरेचा उजेड," ती म्हणाली, "म्हणून स्टुडिओची खिडकी उत्तरेला ठेवतात, तो दिवसभर फारसा बदलत नाही. लाल रंगाला सांभाळायला तिथेच ठेवलाय." शगालने खरंच तसा विचार केला असेल का हे मी सांगू शकत नाही, पण त्यानंतर मला ती लाल खिडकी वेगळी दिसायला लागली.

पूल ओलांडून ग्रोसम्युन्स्टर. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक झ्विंग्ली, त्याचं चर्च. स्वित्झर्लंडमधली धर्मसुधारणा इथून सुरू झाली आणि १५२४ मध्ये झ्युरिकच्या चर्चमधून चित्रं, मूर्ती सगळं काढून टाकलं. म्हणजे जिथे माणसांनी ठरवून चित्र बाहेर काढलं त्या इमारतीत पाचशे वर्षांनी एका चित्रकाराला बोलावलं. सिग्मार पोल्के. रिश्टरचा तरुणपणीचा मित्र, दोघेही लहानपण पूर्वेत काढून पश्चिमेला आलेले, ड्युसेलडॉर्फमध्ये एकत्र शिकलेले. आणि चित्रकलेच्या कॉलेजात जायच्या आधी पोल्के काचेच्याच वर्कशॉपमध्ये उमेदवारी करायचा. २००९ मध्ये या बारा खिडक्या पूर्ण झाल्या, २०१० मध्ये तो गेला. सुरुवात काचेने आणि शेवटही काचेनेच.

नाही, काचेने नाही. बारापैकी सात खिडक्यांमध्ये काच नाहीच, अकीक आहे. अकीकाचे दगड पातळ कापून त्या चकत्या शिशाच्या पट्ट्यांत बसवल्यात. मावशीच्या अंगठीत अकीकाचा खडा आहे, आजीकडून आलेला, मातकट लाल, आयुष्यभर तिने तो दगड म्हणूनच घातलेला. तिने अंगठी काढली, उजेडासमोर धरली, काही दिसलं नाही, खडा जाड आहे. मग तिने परत खिडकीकडे बघितलं. ज्वालामुखीच्या खडकात वायूने पोकळी राहते, तिच्यात पाण्याबरोबर सिलिका येत राहते आणि थरावर थर बसतो, तेच थर आता आडवे कापून समोर होते, लाल, तपकिरी, हिरवा, मधेच एक निळा, कडेला पांढरी रेघ केसाएवढी बारीक. एका चकतीच्या मधोमध न भरलेली पोकळी राहिली होती, तिच्यात स्फटिकांची टोकं, आणि तिथून उजेड सरळ, रंग न घेता येत होता.

पुढच्या पाच खिडक्यांत आकृत्या आहेत, एलिया, डेव्हिड, इसाक, बळीचा बोकड, आणि एक जिच्यात पेला बघावा तर दोन चेहरे दिसतात आणि चेहरे बघावे तर पेला. त्या चांगल्या आहेत. पण आम्ही परत दगडांच्या खिडक्यांकडे आलो.

मावशीने पाच दिवसांत स्केचबुकात एकही चित्र काढलं नव्हतं, हे मला तिथे कळलं. तिने पानं दाखवली, नुसत्या वेळा लिहिलेल्या. "१:१०, खांब, गुलाबी. १:३०, दुसरा खांब, हिरवा जास्त. ५:४०, लाल गेला. ५:५०, पिवळा पण." आज सकाळची ओळ, "१०:१५, मध."

मी म्हटलं, आता निघू या, विमानाला वेळ आहे पण बॅगा हॉटेलवर आहेत. तेवढ्यात बाहेर ढग आला असावा, सातही खिडक्या एकदम विझल्या, दगड परत दगड झाले. ती बाकावर टेकली, पेन्सिल काढली, घड्याळ बघितलं.

"थांब. ढग जाऊ दे."